मला गाडी लागते, त्याची गोष्ट

लहानपणी मला गाडी लागायची. एस.टी.नं खंबाटकीचा घाट चढायला घेतला की माझ्या पोटात ढवळायला लागायचं. मग आई खिडकीशी बसवायची, हातात लिंबू द्यायची, तोंडात आवळासुपारी कोंबायची. गंमत अशी, की आमचे अण्णा त्याच एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. घर चालायचं गाड्यांवर आणि घरातल्या पोराला डिझेलचा वास सोसायचा नाही! डेपोतले लोक चेष्टा करायचे, अण्णा हसून सोडून द्यायचे. पुढे मी शिकलो, नोकरीच्या निमित्तानं न्यूझीलंडला आलो, ऑकलंडमध्ये संसार मांडला. पोटातलं ढवळणं कधी थांबलं ते कळलंही नाही. आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पुन्हा गाडी लागली. या वेळची लागण मात्र निराळी होती. तिच्यावर लिंबू आणि आवळासुपारी चालत नाही.

झालं असं. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या जुन्या गाडीनं राम म्हटला. तिची तक्रार नाही, बिचारीनं भरपूर सेवा केली होती. पण ऑकलंडमध्ये गाडीवाचून आमचं पान हलत नाही. आम्ही राहतो हेंडरसनला, म्हणजे शहराच्या पश्चिमेला, आणि माझी नोकरी मानुकाउला, म्हणजे दक्षिणेला. जाऊन-येऊन रोज साठेक किलोमीटर. वाटेत वॉटरव्ह्यूचा बोगदा लागतो, २०१७ साली सुरू झालेला, दोन किलोमीटर चारशे मीटर लांबीचा. तो झाल्यापासून वेळ वाचतो, पण गाडी लागतेच. (हा 'लागतेच' तिसऱ्या अर्थानं!)

सौ.नं कागदावर यादी करून दिली होती: हायब्रिड, पाच दरवाजे, रंग पांढरा, किंमत दहा हजार डॉलरच्या आत. यादीच्या तळाशी एक ओळ अधोरेखित केली होती: 'घराच्या पैशांना हात लावायचा नाही.' आम्ही तेव्हा भाड्यानं राहत होतो आणि स्वतःच्या घरासाठी पै-पै साठवत होतो. मी यादी खिशात घालून निघालो आणि संध्याकाळी गडद निळ्या रंगाची, टर्बो इंजिनाची, दोनशे साठ अश्वशक्तीची जपानी गाडी घेऊन परतलो. किंमत अकरा हजार. यादीतली एकच गोष्ट जुळली होती. दरवाजे पाच होते.

आता इथल्या सेकंडहँड गाड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे हा प्रकार नाही. भारतात जुनी परदेशी गाडी आणायची तर वयाची अट आणि आयातकर यांतच माणूस गारद होतो. न्यूझीलंडमध्ये मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयातीवरचे निर्बंध सैल झाले आणि जपानमधून वापरलेल्या गाड्यांची रीघ लागली. १९९८ मध्ये गाड्यांवरचा आयातकर उठला आणि त्याच वर्षी इथले गाड्या जोडणारे उरलेसुरले कारखानेही बंद झाले. दोन्ही देशांत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे स्टिअरिंग बदलायची भानगड नाही. शिवाय जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. तिचा खर्च मोठा. त्यामुळे पुष्कळ जपानी मंडळी ती तारीख जवळ आली की चांगली चालती गाडी लिलावात काढतात. ती जहाजात बसून इकडे येते आणि माझ्यासारख्याच्या गळ्यात पडते.

लिलावाचा कागद पाहण्यासारखा असतो. गाडीचं वरून काढलेलं चित्र आणि त्यावर ठिकठिकाणी अक्षरं. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे दुरुस्त करून रंग दिलेला भाग. पत्रिका पाहावी तशी मी ती पाहिली. दोन ओरखडे, एक पोचा. काटा एक लाख अठरा हजार किलोमीटरवर. गुण छत्तीसच्या छत्तीस जुळले असं वाटलं. पत्रिका पाहून लग्न ठरवणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो होतो.

गाडी होती सुबारू लेगसी, २००७ सालची. 'सुबारू' हे जपानी भाषेत एका तारकापुंजाचं नाव आहे, आणि तो पुंज आपल्याला अनोळखी नाही. त्या आपल्या कृत्तिका! गाडीच्या नाकावर बिल्ला असतो त्यात सहा तारे आहेत, एक मोठा आणि पाच लहान. १९५३ मध्ये पाच कंपन्या एकत्र येऊन एक मोठी कंपनी झाली, त्याची ती खूण. या घराण्याचं मूळ विमानांच्या कारखान्यात आहे. लेगसीनं जन्मतःच नाव काढलं. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ही गाडी एक लाख किलोमीटर जवळजवळ अखंड पळवली गेली, सरासरी वेग ताशी २२३ किलोमीटर. आणि जागतिक रॅली स्पर्धेतला सुबारूचा पहिला विजय १९९३ साली कॉलिन मॅक्रे यानं मिळवला तो लेगसीतूनच, आणि तोही इथे, न्यूझीलंडच्या रॅलीत. ही सगळी माहिती मी सौ.ला त्या रात्री जेवताना ऐकवली. तिनं शांतपणे भात वाढला आणि विचारलं, "मॅक्रेला रोज मानुकाउला कामावर जायचं होतं का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर सगळ्या गोष्टीचं मर्म त्याच प्रश्नात होतं. पळण्यासाठी बांधलेली गाडी रोज सकाळी भाजीची पिशवी, पोरीचं दप्तर आणि जेवणाचा डबा घेऊन रांगेत उभी करायची, तर तिचं काय करावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी फक्त तिच्या प्रेमात होतो.

पहिले चार-पाच महिने मजेत गेले. आतला रेडिओ जपानी, तिथली एफ.एम.ची पट्टी वेगळी, त्यामुळे इथली बरीचशी केंद्रं लागायचीच नाहीत. नकाशाच्या पडद्यावर सगळं जपानीत. रोज सकाळी किल्ली फिरवली की एक जपानी बाई अतिशय नम्र आवाजात काहीतरी सांगायची. मला वाटायचं, इंजिनाबद्दल काही सूचना देते आहे. अखेर ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याला गाडीत बसवून ऐकवलं. तो हसायला लागला. बाई म्हणत होती, 'टोलचं कार्ड घातलेलं नाही.' तिथल्या टोलनाक्यांसाठी बसवलेलं ते यंत्र होतं. ज्या गोष्टीची काळजी नको ती रोज कुणीतरी नम्रपणे सांगत होतं. ज्याची हवी होती ते सांगणारा माणूस दर रविवारी फोनवर होता. त्याचं मी ऐकत नव्हतो.

ते म्हणजे अण्णा. रविवारी रात्री इथे आठ वाजले की तिकडे दुपारचं जेवण होऊन अण्णा फोनची वाट पाहत बसलेले असायचे. तब्येत, पाऊस, पोरीचा अभ्यास झाला की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "ऑइल बघितलंस का?" आणि मी ठरलेलं उत्तर द्यायचो, "बघितलं, अण्णा. ठीक आहे." मे ते ऑक्टोबर, एकदाही बघितलं नव्हतं. बॉनेट उघडायची कळ कुठे आहे हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. खोटं बोलतो आहोत असंही वाटत नव्हतं. 'जेवलास का?' ला आपण 'हो' म्हणतो ना, तसंच.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी पाऊस पडत होता. मोटरवे सोडून हेंडरसनकडे वळताना उताराचं गोल वळण आहे. त्या वळणावर समोरच्या काट्यांमध्ये एक लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. तेलाच्या किटलीचं चित्र. पुढच्या वळणावर पुन्हा. मागच्या सीटवर पोरगी होती, पंधरा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, काहीतरी लाल लागलं." मी म्हणालो, "काही नाही ग." पण हात गार पडले होते. एवढं मात्र शहाणपण केलं, की कडेला थांबून इंजिन बंद केलं आणि गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकला फोन लावला.

गाडी ज्या गॅरेजात नेली तिथला मेकॅनिक फिजीतला, भारतीय वंशाचा. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटाच्या करारावर फिजीच्या ऊसमळ्यांत नेलेल्या लोकांचा हा पणतू. भोजपुरी वळणाची त्याची हिंदी मला निम्मी कळायची. त्यानं ऑइलची काडी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. काडी कोरडी. खालून नट सोडून ऑइल काढलं तर जेमतेम दोन लिटर निघालं. या इंजिनात चार लिटरच्या वर लागतं. जे निघालं तेही काळंकुट्ट. मग त्यानं मला जवळ बोलावलं आणि शाळामास्तरासारखं समजावलं. ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणाचा गाभा तो आहे.

टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका छोट्या पंख्यावर सोडायचा. तो पंखा फिरला की त्याच दांडीवरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. दोन लिटरच्या इंजिनातून दोनशे साठ घोडे निघतात ते असे. पण ती दांडी मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तिच्या एका बाजूला भट्टीची धग असते. एवढ्या वेगात ती धातूवर धातू घासत फिरत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरते. तो थर गेला की काही क्षणांत खेळ आटोपतो. शिवाय या इंजिनाचे सिलिंडर उभे नसतात, दोन इकडे, दोन तिकडे असे आडवे झोपलेले असतात. त्यामुळे गाडीचं वजन जमिनीलगत राहतं, वळणावर ती चिकटून चालते. पण ऑइल कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला धावतं आणि पंपाच्या तोंडी हवा येते. तोच माझा लाल दिवा. वय झालेलं टर्बो इंजिन थोडं ऑइल पितंच, त्यात नवल नाही. नवल एवढंच, की पाच महिने मी ते पाहिलं नाही. दर पाच हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल साडेसहा हजार झाले तरी बदललं नव्हतं.

"इंजिन वाचलंय," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या पुण्याईनं नव्हे, कुणाच्या तरी." मग विचारलं, "टायमिंगचा पट्टा कधी बदललाय?"

हा दुसरा धडा. इंजिनातल्या झडपा आणि पिस्टन यांचा ताल राखणारा एक दातेरी रबरी पट्टा असतो. या इंजिनात तो तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या झडपांवर आदळतात आणि दुरुस्तीपेक्षा दुसरं इंजिन स्वस्त पडतं. लाख किलोमीटरला तो बदलायचा असतो. जपानी गॅरेजवाले बदलल्याची चिठ्ठी इंजिनाजवळ चिकटवतात, तिच्यावर तारीख आणि काटा. तारीखही त्यांच्या राजाच्या कारकिर्दीच्या सनात असते, म्हणजे आपल्या शालिवाहन शकासारखं गणित करून इसवी सन काढायचं. माझ्या गाडीत दाराच्या चौकटीला ऑइलची चिठ्ठी होती, पट्ट्याची कुठेच नव्हती. म्हणजे बहुधा बदललेला नाही. पट्टा, त्याच्या पुल्या, पाण्याचा पंप, स्पार्क प्लग आणि बाकीची सगळी ऑइलं मिळून खर्च त्यानं अठराशे डॉलर सांगितला. इथे गाडीची दरवर्षी 'वॉरंट ऑफ फिटनेस' नावाची तपासणी होते. माझी ती नुकतीच झाली होती. पण त्यात टायर, ब्रेक, दिवे, गंज पाहतात. इंजिनातलं ऑइल आणि पट्टा कुणी पाहत नाही. ती रस्त्यावरच्या इतरांच्या सुरक्षेची हमी असते, तुमच्या इंजिनाची नव्हे.

अठराशे डॉलर ऐकून मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात बघू." घरी येऊन सौ.ला लाल दिव्याचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं नाही. अण्णांना तर काहीच नाही.

डिसेंबरात अण्णा आले. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच परदेशात येत होते. विमानतळावर मला पाहिलं, नातीला जवळ घेतलं, सौ.ची चौकशी केली आणि बाहेर आल्यावर गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती बॉनेट उघडल्याच्या आवाजानं. जी कळ मला पाच महिने सापडली नव्हती, ती अण्णांना अंधारात सापडली. एका हातात ऑइलची काडी, दुसऱ्या हातात माझ्याच जुन्या बनियनची चिंधी.

"ऑइल नवं दिसतंय," ते म्हणाले. "कधी बदललंस?"

"ऑक्टोबरात."

"आणि त्याच्या आधी बघायचास, तेव्हा किती असायचं?"

इथे आणखी एक खोटं खपलं असतं. पण काडीकडे पाहत उभे असलेले अण्णा समोर होते. फोनवर सोपं गेलं ते समोर जमेना. मी सगळं सांगितलं. पाच महिन्यांची 'बघितलं'ची उत्तरं, वळणावरचा दिवा, मागे बसलेली पोरगी, न केलेला पट्टा. अण्णा काही बोलले नाहीत. काडी जागेवर घातली, बॉनेट लावलं, हात धुतले, चहा प्यायले. डेपोत रागावले की ते असेच गप्प व्हायचे, मला ठाऊक होतं. दुपारी म्हणाले, "मला खोटं सांगितलंस त्याचं काही नाही. मी तिकडे बसलोय, मला काय फरक पडतो? पण गाडीत बसतं कोण? ही बसते, पोर बसते. रात्री गाडी डेपोत आणल्यावर ड्रायव्हरला आम्ही विचारायचो, काही आवाज येतोय का? एखादा घरी जायच्या घाईत नाही म्हणायचा. दुसऱ्या दिवशी त्या गाडीत पन्नास माणसं बसायची."

मग सौ.समोर पट्ट्याची गोष्ट निघाली. ती माझ्याकडे बघत राहिली. अठराशे डॉलरपेक्षा तिला दोन महिने न सांगितल्याचं जास्त लागलं, आणि ते तिनं स्पष्ट बोलून दाखवलं. दोन दिवस घरात चमच्यांचाच आवाज होता. तिसऱ्या दिवशी तिनं घराच्या बचतीतून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि सोबत अट घातली: यापुढे गाडीची भिशी वेगळी. दर महिन्याला माझ्या पगारातून दीडशे डॉलर एका पाकिटात, गाडीचा सगळा खर्च त्यातून. पाकीट तिच्या कपाटात.

गॅरेजात अण्णा बरोबर आले. साताऱ्याची हिंदी आणि फिजीची हिंदी यांची गाठ पडली, ती पाहण्यासारखी होती. दोघांना एकमेकांचे शब्द निम्मे कळत होते, पण काम पूर्ण कळत होतं. अण्णांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक पट्ट्याच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर नळी लावतात तसं. "पट्ट्याचं माहीत नाही, पण आत एक बेअरिंग कोरडं फिरतंय," ते म्हणाले. झाकण उघडलं. पट्टा वरून बरा दिसत होता. मेकॅनिकनं एक पुली हातात घेऊन बोटानं फिरवली, तर वाळूवर पाय घासल्यासारखा आवाज आला. ती पुली अडकली असती तर धडधाकट पट्टाही तुटला असता. ती पुली अजून माझ्या टेबलावर आहे, कागदांवर वजन म्हणून.

अण्णा तीन महिने राहिले. त्या काळात मी जे शिकलो ते आधीच्या चव्वेचाळीस वर्षांत शिकलो नव्हतो. त्यांनी एक दोनशे पानी वही आणायला लावली. पहिल्या पानावर त्यांच्या ठळक अक्षरात तारीख, काटा आणि केलेलं काम. नियम सोपे होते. दर रविवारी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन निवल्यावर ऑइल बघायचं, कूलंटची खूण बघायची, टायरमधली हवा बघायची. तिन्ही आकडे वहीत. 'ठीक आहे' असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा. 'ठीक आहे' या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

सकाळी गाडी सुरू केल्यावर उष्णतेचा काटा वर येईपर्यंत पायाखाली जोर द्यायचा नाही. गार ऑइल जाड असतं, सगळीकडे पोचायला वेळ लागतो. संध्याकाळी घर जवळ आलं की शेवटचे दोन किलोमीटर हळू यायचं, म्हणजे तापलेला टर्बो निवतो. पळून आलेल्या बैलाला लगेच दावणीला बांधत नाहीत, थोडं फिरवतात, तसंच. अगदी जवळच्या दुकानात गाडी न्यायची नाही, चालत जायचं, कारण इंजिन पुरतं तापण्याआधी बंद झालं की ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि पेट्रोल मुरतं. या नियमामुळे माझं वजन चार किलो उतरलं, हा गाडीचा मला झालेला एकमेव आर्थिकेतर फायदा.

पेट्रोलचंही तसंच. इथे पंपावर ९१, ९५ आणि ९८ असे प्रकार मिळतात. आकडा जितका मोठा, तितकं ते पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटत नाही. दाबून हवा भरणाऱ्या या इंजिनाला ९८ च लागतं. स्वस्तातलं घातलं तर आत टकटक सुरू होते आणि पिस्टनवर घाव बसतात. त्यात १ जुलै २०१८ पासून ऑकलंडमध्ये लिटरमागे साडेअकरा सेंटचा प्रादेशिक इंधनकर सुरू झाला, तो उठला थेट २०२४ च्या जूनअखेर. रोजचं पेट्रोल पंधरा-सोळा डॉलरला जायचं. टायर चारही चाकांना एकदम बदलायचे, कारण इथे ताकद चारही चाकांना जाते. दोन नवे आणि दोन झिजलेले असले तर घेर वेगळा, मग मधल्या यंत्रावर सतत ताण. एक टायर फुटला म्हणून चार घेतले, तेव्हा पाकीट रिकामं झालं. त्या महिन्यात पट्ट्याचा नव्हे, माझ्याच पोटाचा पट्टा आवळला.

गाडीत गिअरजवळ एक गोल बटण आहे. त्याचे तीन टप्पे. पहिल्यात इंजिन सबुरीनं वागतं, दुसऱ्यात चपळ होतं, तिसऱ्यात अंगात येतं. अण्णांनी त्यांची नावं ठेवली: शहाणा, तापट आणि माथेफिरू. रोजच्या रस्त्यावर शहाण्यावरच ठेवायचं, असा हुकूम. मला आधी वाटलं, मग ही गाडी घेतली कशाला? एका रविवारी अण्णांना घेऊन पिहाच्या किनाऱ्याकडे निघालो. वाइटाकेरेच्या डोंगरातला वळणांचा रस्ता, दोन्ही बाजूंना नेच्यांची गर्द झाडं. गाडी तापली होती, रस्ता मोकळा होता. अण्णांनी स्वतः बटण दुसऱ्या टप्प्यावर फिरवलं आणि म्हणाले, "हं, आता चढव." वेगाची मर्यादा मी ओलांडली नाही, पण त्या चढावर गाडी जी उचलली गेली ती पाठीला अजून आठवते. अण्णा हसत होते. डेपोतल्या माणसाला आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या बऱ्या करून पाठवायच्या असतात, त्यात बसून असं हसायला कुठे मिळतं? आणि नवल म्हणजे एकाही वळणावर मला मळमळलं नाही.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसल्यावर मी त्यांना बिल्ल्याच्या कृत्तिका दाखवल्या. ते म्हणाले, "कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा आया. मग याचे लाड पुरवायला तुम्ही तिघं कमीच पडता."

आता हिशेब. कुणी माझ्या वाटेनं जायचं म्हणत असेल तर त्यानं तो ऐकावा. पहिल्या वर्षी गाडीच्या किमतीच्या पाव भागाहून जास्त रक्कम नुसत्या देखभालीत गेली. सौ.च्या यादीतली पांढरी हायब्रिड घेतली असती तर पेट्रोलचे निम्म्याहून जास्त पैसे वाचले असते, यात वाद नाही. आमचं घर दोन वर्षं लांबलं ते केवळ गाडीमुळे नव्हे, पण गाडीचा त्यात हात नाही असंही मी शपथेवर म्हणणार नाही. म्हणून सांगतो: अशी गाडी घ्यायची तर घेण्याआधी स्वतःच्या मेकॅनिकला दाखवा, विकणाऱ्याच्या नव्हे. जेवढे पैसे हाताशी असतील त्यांच्या तीन भागांत गाडी बसवा, चौथा भाग तिच्या पोटासाठी राखून ठेवा. घेतल्याबरोबर सगळी ऑइलं आणि पट्टा बदला, आधीचा मालक काहीही म्हणो. अशी गाडी फुकटात मिळाली तरी नव्या गाडीचाच खाना मागते. तिची किंमत उतरते, भूक उतरत नाही. आणि हे सगळं घरात आधी सांगा.

त्याला आता सात वर्षं होऊन गेली. काटा एक लाख नव्वद हजारांच्या पुढे गेला आहे. वही भरली, दुसरी चालू आहे. लेक सोळाची झाली तेव्हा शिकाऊ परवाना घेऊन समोर उभी राहिली, "बाबा, गाडी शिकव." मी अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी तिला काडी बघायला शिकव. वर्षभर वही तिनं लिहायची. मग स्टिअरिंग." तिनं लिहिली. तिच्या अक्षरातल्या एका पानावर शेरा आहे: 'ऑइल अर्धा लिटर कमी, भरलं. बाबांना सांगितलं, बाबा म्हणाले ठीक आहे, पण मी आकडा लिहिला.'

अण्णा आता विमानानं येण्याजोगे राहिले नाहीत, गुडघे बोलतात. रविवारचा फोन मात्र चुकत नाही, आणि आता त्यात चित्रही दिसतं. तब्येत, पाऊस, नातीची नोकरी झाली की प्रश्न येतो, "ऑइल बघितलंस का?" मी तोंडानं उत्तर देत नाही. फोन घेऊन अंगणात जातो, बॉनेट उघडतो, काडी पुसून घालतो, काढतो आणि फोनसमोर धरतो. तिकडे अण्णा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या जवळ येतात आणि निरखून बघतात.

गेल्या रविवारी म्हणाले, "खुणेच्या किंचित खाली दिसतंय रे."

मी पुन्हा बघितलं. खरंच होतं.